कोतातली बंदूक, कपाटातली बंदूक

पलटणीत शेवटची काही वर्षं माझ्याकडे कोत होता. कंपनीची सगळी हत्यारं ज्या कुलूपबंद खोलीत असतात तो कोत, आणि त्याचा हवालदार म्हणजे खाष्ट सासू: कुणावर विश्वास नाही आणि चाव्यांवरून नजर हलत नाही. रायफल बाहेर जाताना नंबर, नाव, सही. परत येताना पुन्हा तेच, वर नळी उजेडात धरून बघायची. फायरिंग रेंजवर गोळी सुटली तरी तिचा हिशेब सुटत नाही. खाली खोके, म्हणजे रिकामी काडतुसं, वेचून मोजतात. एक कमी भरला तर अख्खी कंपनी उन्हात गवत चाळत बसते. रेंज सोडताना प्रत्येक जवान, आपल्याजवळ जिवंत राउंड नाही, खाली खोका नाही, असं हिंदीतून मोठ्याने सांगतो. ज्या पोराला उद्या सीमेवर उभं करायचं आहे, त्यालाही बराकीत रायफल उशाशी घेऊन झोपायला फौज देत नाही. त्यात कुणाला अपमान वाटत नाही.

निवृत्त झाल्यावर पुण्याजवळच्या दिघीत घर घेतलं. आमच्यासारखे इथे पुष्कळ. मॅगझिन चौक, एआयटी आणि बोपखेलच्या बाजूला सीएमई या फौजेच्या शिक्षणसंस्था, मुळेपलीकडे खडकीचा 1869 पासूनचा दारूगोळा कारखाना. फौजीला करमेल असाच परिसर. पेन्शनवर मुलांची शिक्षणं निघत नाहीत, म्हणून बहुतेक जण भोसरी-चाकणच्या कंपन्यांत, नाहीतर बँकांच्या कॅश व्हॅनवर सुरक्षारक्षक होतात. नुसत्या काठीचा पगार वेगळा, बंदूकवाल्याचा वेगळा. मीही 12 बोअरच्या दुनळीचा परवाना काढला. पोलिस पडताळणी, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळणीचं प्रमाणपत्र, सगळं रीतसर झालं.

बंदूक घरी आली आणि लक्षात आलं, इथे कोत नाही. लोखंडी कपाट होतं, त्यात बायकोच्या साड्या आणि पोरांची गुणपत्रकं. ती म्हणाली, "हे इथं नको." मग भोसरीच्या एका फॅब्रिकेटरकडून जाड पत्र्याची पेटी करून घेतली, भिंतीत बोल्ट ठोकले, काडतुसं दुसऱ्या खोलीत वेगळ्या कुलपात ठेवली. शस्त्र सुरक्षित ठेवा, असं नियम सांगतात. पण ती पेटी बघायला आजवर कुणी आलेलं नाही. मी बंदूक पलंगाखाली टाकली असती तरी कागदोपत्री काही फरक पडला नसता.

माझं कॅश व्हॅनवरचं काम सुटलं त्या सुमारास चाकणकडच्या एका प्लॉटिंगवाल्याचा निरोप आला. जमिनीच्या पैशावर उभं राहिलेलं ऑफिस, काचेचं टेबल, बाहेर काळी गाडी.

"मेजर, पगार तुम्ही म्हणाल तो," तो म्हणाला. निवृत्त फौजीला इकडे सगळे मेजरच म्हणतात. "फक्त बंदूक रात्री इथंच राहील. माझ्याकडं लॉकर आहे. तुम्ही कशाला दुचाकीवरून ने-आण करता?"

मी म्हणालो, "शेठ, परवाना माझ्या नावावर आहे."

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं!"

त्याला राखणदार नकोच होता, माझं नाव हवं होतं. मी चहा न घेता उठलो. मागाहून कळलं, पंधरवड्याच्या आत त्याला दुसरा कुणी मिळाला.

8 फेब्रुवारी 2024 ला दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांना फेसबुक लाइव्ह चालू असताना गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हा मला ते काचेचं टेबल आठवलं. मारणाऱ्या मॉरिसच्या नावावर पिस्तूल नव्हतंच. ते त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचं होतं, आणि परवाना उत्तर प्रदेशातला. म्हणजे कागद एका राज्यातला, काम दुसऱ्या राज्यात आणि हत्यार तिसऱ्याच माणसाच्या हाताशी. त्याच्या सहाच दिवस आधी उल्हासनगरच्या हिललाइन पोलिस ठाण्यात, खुद्द पोलिस अधिकाऱ्याच्या दालनात गोळीबार झाला होता. आरोपी तेव्हाचा आमदार, पिस्तूल परवान्याचं.

"मेजर, तुम्ही परवानावाल्यांच्याच मागं का लागता?" हा प्रश्न मला माजी सैनिकांच्या आमच्या बैठकीत हमखास येतो. "खरी घाण गावठी कट्ट्यांची आहे." आहेच. आमच्या आयुक्तालयाच्या हद्दीतून 'पिस्तूल व जिवंत काडतुसांसह अटक' ही बातमी इतक्यांदा येते की आता तिच्याकडे लक्षही जात नाही. मिसरूड न फुटलेली पोरं 'घोडा' कमरेला लावून फोटो काढतात. माल कुठून येतो हेही गुपित नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशाच्या हद्दीतल्या उमर्टीत भट्ट्या पेटतात; नोव्हेंबर 2025 मध्ये पुणे पोलिसांनी थेट तिथे जाऊन त्या मोडल्या. त्याबद्दल त्यांना सलामच. पण कट्टा भट्टीत घडतो, काडतूस नाही. पितळी खोका, टोपी, बारूद हे कारखान्याचंच काम. जप्तीच्या पंचनाम्यांत 'केएफ 7.65' असा उल्लेख सापडतो, तो बुडावरचा शिक्का आमच्या शेजारच्या खडकीच्या कारखान्याचा. कारखाना हिशेबानेच माल सोडतो. तिथून विक्रेत्याकडे, विक्रेत्याकडून परवानाधारकाकडे, आणि पुढे कुठेतरी वाट फुटते. मी विकत घेतलेल्या काडतुसांचं मी काय केलं, हे मला एकदाही कुणी बारकाईने विचारलेलं नाही. रेंजवर एका खोक्यासाठी गवत चाळलेल्या माणसाला हे फार लागतं.

कायदा केंद्राचा आहे, 1959 चा. राज्य तो बदलू शकत नाही. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, लग्नात हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड. छान झालं. पण त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाचवर नेली. आधी सरकार तीन वर्षांनी माझ्या बंदुकीकडे बघायचं, आता पाचांनी. एवढ्या काळात माणसाचं काय काय होतं! दारू लागते, भाऊबंदकी पेटते, डोकं फिरतं. जुलै 2023 मध्ये बाणेरला एका सहायक पोलिस आयुक्ताने स्वतःच्या पिस्तुलाने पत्नीला आणि पुतण्याला मारून स्वतःला संपवलं. त्याच्याहून जास्त प्रशिक्षण कुणाला मिळालं असणार?

पण कायदा दिल्लीचा असला तरी सही इथलीच असते, जिल्हाधिकाऱ्याची किंवा पोलिस आयुक्ताची. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा डिसेंबर 2024 मध्ये खून झाला, तेव्हा एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेच्या वर परवाने असल्याचं पुढे आलं. मग छाननी झाली आणि शेकड्याने परवाने रद्द करायला काढले. कायदा तोच, कलमंही तीच. एक माणूस मेल्यावर ती वापरली गेली. आणि पोलिस आयुक्ताने सही नाकारली तर अपील राज्य शासनाकडे, म्हणजे मंत्रालयात जातं. पुणे पोलिसांनी नाकारलेला, कोथरूडच्या एका कुख्यात गुंडाच्या भावाचा परवाना अपिलात गृहराज्यमंत्र्यांनी मंजूर केल्याचं 2025 च्या ऑक्टोबरात गाजलं. न्यायालयाने त्या भावाला निर्दोष सोडलं होतं, असं मंत्र्यांचं म्हणणं. आयुक्तांनी परवाना दिलाच नाही, हे नशीब. पण राजकीय माणसाने असले अर्ज ऐकावेतच कशाला? निवृत्त न्यायाधीश बसवा, मनोविकारतज्ज्ञ बसवा.

माझं म्हणणं फौजेतल्यापेक्षा वेगळं नाही. नोकरीसाठी घेतलेली बंदूक नोकरीच्याच ठिकाणी, पोलिसांनी तपासलेल्या कोतात राहावी. मालकाच्या लॉकरमध्येही नको, माझ्या घरीही नको. सकाळी सही करून घ्यावी, संध्याकाळी सही करून ठेवावी, आणि चावी मालकाच्या हाती नसावी. दरवर्षी बंदूक आणि काडतुसं समोर मांडून मोजावीत. खाली खोका परत दिल्याशिवाय नवं काडतूस मिळू नये. निवडणूक आली की आम्ही आपापल्या ठाण्यात शस्त्रं जमा करतोच. गेल्या विधानसभेच्या वेळी त्या रांगेत माझ्यापुढे एक बिल्डरचा मुलगा होता. नळी बाकावर बसलेल्या लोकांकडे रोखलेली, आणि ती मोडून रिकामी करायची कशी हे त्याला ठाऊक नव्हतं. मीच हातातून घेऊन ती रिकामी केली. आत दोन काडतुसं होती.

बैठकीत माझ्या या म्हणण्यावर खरी हरकत निघाली ती पगाराची. एक नाईक चिडून म्हणाला, "बंदूक कंपनीच्या कोतात गेली की कंपनी म्हणेल, आता माणूस कुठलाही चालेल. आमचं काय?" प्रश्न खोटा नाही. बंदुकीपायी मिळणारे वरचे पैसे आम्हा सगळ्यांच्याच घरात हप्त्यांना लागलेले आहेत. म्हणून शासनाला द्यायच्या या मागण्यांच्या निवेदनात मी आणखी एक कलम घातलंय: कोतातली बंदूक उचलायला माजी सैनिकच हवा आणि त्याचा दर शासनाने ठरवावा. त्यावर नाईकाने सही केली. बाकीचे अजून विचार करतो म्हणतात.