गारगोटीची थाळी

इस्लामी मृत्पात्रांवरचा ग्रंथ मराठीत आणताना पहिली ठेच लागते ती ‘चिनी माती’ या रोजच्या शब्दाशी. कपबशीपासून लोणच्याच्या बरणीपर्यंत पांढरे, चकचकीत जे काही, ते आपल्याकडे चिनी मातीचे. पण इराणातल्या काशानच्या कारागिरांकडे ती मातीच नव्हती. चिनी भांड्यांचा शुभ्रपणा त्यांना हवा होता, म्हणून त्यांनी वेगळी वाट काढली. तिथल्याच कुंभार घराण्यातल्या अबुल कासिमने १३०१ मध्ये ती कृती लिहून ठेवली आहे: दहा भाग कुटलेली गारगोटी, एक भाग काचेची पूड, एक भाग पांढरी माती. बारा भागांत माती एकच! अशा थाळीला ‘चिनी मातीची’ म्हटले, तर ज्या अडचणीतून ही कला घडली तीच पुसली जाते. ‘गारगोटीच्या लगद्याची थाळी’ कानाला खडबडीत लागेल, पण ते खरे आहे.

मग मूळ शब्दच ठेवावेत, असे कोणी म्हणेल. फारसी मराठीला परकी थोडीच आहे? नाही, आणि घोळ तिथेच होतो. काशानवरून झिलईदार फरश्यांना ‘काशी’ म्हणतात. आपला वाचक थेट वाराणसीला पोचेल. झिलईवर रंगवलेल्या भांड्यांना ‘मीनाई’ म्हटले की दागिन्यावरची मीनाकारी दिसेल. अबुल कासिमचा ‘लाजवर्द’ म्हणजे काशानजवळच्या कमसर गावचे कोबाल्टचे खनिज. कोश पाहून तिथे ‘राजावर्त’ लिहिले, तर भट्टीत भलताच दगड जातो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तज्ज्ञांच्या ग्रंथाला परिभाषा हवी, बोली नको. सोनेरी झळाळीची भांडी घ्या. भाजून झालेल्या झिलईवर चांदी-तांब्याचे मिश्रण रंगवून भांडे पुन्हा भट्टीत घालतात. या वेळी आच मंद, हवा कोंडलेली. पाठ्यपुस्तकात याला ‘क्षपण’ म्हणतात. शब्द अचूक आहे. रसायन समजावताना तो यायलाच हवा. पण अबुल कासिम सांगतो ते ७२ तासांच्या हलक्या धुराबद्दल. आपल्याकडेही मडकी काळी करायची तर धूर कोंडावा लागतो. फळ वेगळे, युक्ती तीच; आणि ‘धुरी देणे’ हा शब्द घराघरांत आहे. तो असताना वर्णनात ‘क्षपण’ घातले, तर वाचकाला धुराचा वासही लागणार नाही. म्हणून अशा ग्रंथांच्या अनुवादकांना विनंती आहे: शब्द पक्का करण्याआधी ते वाक्य एकदा जवळच्या कुंभाराला वाचून दाखवा.