एक की सात?

हँडलला चिकटवलेल्या कागदी पट्टीवर आकडा होता सत्त्याण्णव. समोरच्या खांबावरच्या निळ्या पाट्यांवर तीन बाण, तीन आकडे; त्यांत सत्त्याण्णव नव्हताच. सभोवती पाइनचं जंगल, चाकाखाली सुईसारख्या पानांचा मऊ थर, माणसाचा मागमूस नाही. बेल्जियममधली माझी पहिलीच सकाळ, आणि मी हरवलो होतो. तेही अशा प्रांतात, जिथे सायकलवाल्याने हरवू नये म्हणून सगळी योजना केलेली आहे.

हा लिम्बुर्ग प्रांत. माझी भाची नोकरीनिमित्त इथल्या खेंक गावात राहते. निघताना तिने बजावलं होतं, "मामा, नकाशा बघायचा नाही, कुणाला रस्ता विचारायचा नाही. फक्त आकडे पाळायचे." इथे सायकलच्या वाटा जिथे एकमेकींना छेदतात, त्या प्रत्येक ठिकाणाला क्रमांक आहे. त्याला म्हणतात 'क्नोपपुंट'. क्नोप म्हणजे गाठ. एका गाठीवर पोहोचलात की पाटी शेजारच्या गाठींचे आकडे दाखवते. घरून आकड्यांची माळ लिहून निघायचं आणि एकेक मणी ओढत जायचं.

माझी माळ भाचीच्या शेजारच्या आजोबांनी लिहून दिली होती. मी खांबापाशी घुटमळत असताना मागून एक बाई बॅटरीच्या सायकलवर आल्या. सत्तरीच्या तरी असतील. माझी पट्टी पाहून हसल्या. "हा सात नाही, एक आहे. आमच्या साताच्या कमरेला आडवी रेघ असते." खरंच की! आजोबांनी इंग्रजी एकाला शेंडीसारखा लांब फराटा दिला होता, आणि मी त्याचा सात वाचला होता. मला जायचं होतं एक्क्याण्णवला. "दाख!" असा निरोप घेऊन बाई निघून गेल्या. मी पायडल मारेपर्यंत त्या वळणापलीकडे दिसेनाशाही झाल्या होत्या.

एक्क्याण्णव ही गाठ बोक्राइकच्या तळ्यांपाशी आहे. या भागाला एक हजार एक तळ्यांचा मुलूख म्हणतात. वाट सरळ पाण्याकडे निघाली. आता पूल येणार असं मी धरून चाललो, तर वाट चढायच्या ऐवजी उतरायला लागली. तळ्याला मधोमध चीर पाडून तिच्या तळाशी सायकलचा रस्ता केला आहे: २१२ मीटर लांब, तीन मीटर रुंद, दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती. बरोबर मध्यावर पाणी थेट डोळ्यांच्या रेषेत येतं. एक हंस शेजारून चालला होता आणि त्याची नजर माझ्या नजरेला भिडली. हंसाकडे आपण नेहमी वरून बघतो. इथे तो मला समपातळीवरून जोखत होता. भिंतीवरून हात पलीकडे नेऊन मी पाण्यात बोटं बुडवली. थंडगार. २०१६ साली हा रस्ता खुला झाला. पलीकडे ना गल्ली, ना बाजार. केवळ पाण्याच्या पोटातून जाण्याचा अनुभव यावा म्हणून कुणी एवढा खटाटोप करावा, हेच मला नवल वाटत राहिलं.

त्याहून मोठं नवल पुढच्या गावात. रस्ता अरुंद, मी मधोमध, आणि मागे एक मोटार. मी सवयीने कडेला दबलो आणि हॉर्नची वाट पाहू लागलो. हॉर्न वाजलाच नाही. मोटार गोगलगाईसारखी माझ्या मागोमाग सरकत राहिली. तो सायकलींचा रस्ता होता, तिथे मोटारीला सायकलला ओलांडायची परवानगीच नसते, हे संध्याकाळी भाचीने सांगितलं. माझ्या पाठीला मात्र तो न वाजलेला हॉर्न बराच वेळ ऐकू येत होता.

पूर्वेला जाता जाता जंगल उघडं झालं आणि माळ लागला. या बाजूचा भूभाग म्हणजे म्यूझ नदीने हिमयुगात आणून टाकलेल्या गोट्यांचं पठार. एरवी तव्यासारख्या सपाट या भागात इथेच काय तो मांड्यांना चढ जाणवतो. पठारावर मेखेल्सं हाइडं. हाइडं म्हणजे झुडपी माळरान. ऑगस्टचा शेवटचा आठवडा, आणि नजर जाईल तिथवर जांभळं. भाद्रपदातलं कास पठार मी पाहिलेलं आहे, पण तिथे रंगांची वाटणी असते. इथे सगळी मालकी एकाच रंगाची. सायकल टेकवून वाकून पाहिलं: गुडघ्याएवढं काटक झुडूप, खवल्यांसारखी बारीक पानं, आणि दांडीच्या एका अंगाला ज्वारीच्या दाण्याहून लहान फुलांची रांग. त्यात मधमाश्यांची अखंड गुणगुण.

मला वाटलं होतं, हे निसर्गाचं आदिम रूप असेल. प्रत्यक्षात हा माळ माणसाने आणि मेंढरांनी मिळून घडवलेला. शेकडो वर्षं इथली गरीब कुळं मेंढरं चारत. माळाची वरची साल झुडपांसकट कुदळीने सोलून गोठ्यात अंथरत, आणि शेणामुताने भिजली की शेतात टाकत. आपल्याकडे शेतात रात्री मेंढरं बसवतात, त्याचाच हा थंड देशातला भाऊ. शेत जितकं पोसलं, तितका माळ खंगत गेला. आणि खंगलेल्या वाळूत तग धरणारं झुडूप हेच एक. म्हणजे ही जांभळी श्रीमंती जमिनीच्या दारिद्र्यावर उभी आहे. आज धोका उलटा आहे. हवेतून येणाऱ्या नायट्रोजनने माती पुष्ट होते, गवत माजतं आणि फुलांना गिळतं. म्हणून पगार देऊन मेंढ्या चारायच्या, बर्च-पाइनची रोपं उपटायची, माती पुन्हा सोलायची. गरिबी टिकवायला केवढे कष्ट!

याच माळावर २०२१ साली जवळजवळ तीनशे मीटरचा लाकडी पूल बांधला. जाड वाशांच्या त्या पुलावर चढलं की डावी-उजवीकडचा जांभळा माळ पायाखाली येतो, आणि मेंढरांना, हरणांना खालून मोकळी वाट राहते. फळ्यांवरून चाकं खडखडत गेली तेव्हा मला एकदम चंद्रपूर आठवलं. लहानपणी वडिलांच्या सायकलवर हाफ पायडल मारत मी कोळशाच्या खाणीपर्यंत जायचो, तिथला लाकडी फळ्यांचा रस्ता असाच वाजायचा.

आठवण उगाच आली नव्हती. पुलापलीकडे आयस्डन गाव, आणि गावामागे झाडी चढलेले काळे डोंगर. तसे डोंगर ओळखायला मला पाटी लागत नाही. ते खाणीतल्या दगडमातीचे ढिगारे. १९०१ साली या भागात कोळसा सापडला आणि पुढे सात खाणी निघाल्या. इटली, पोलंड, तुर्कस्तान, मोरोक्कोहून माणसं आली. १९९२ मध्ये झोल्डरची शेवटची खाण बंद पडली. त्यानंतर तीन वर्षांनी सायकलच्या आकड्यांचं जाळं विणलं, तेही ह्युगो बोलेन नावाच्या खाण अभियंत्याने. जमिनीखालच्या अंधाऱ्या बोगद्यांत वळणावळणाला क्रमांक असत. तीच युक्ती त्याने वर उन्हात आणली आणि मग ती हॉलंड-जर्मनीपर्यंत पोहोचली.

दुसऱ्या दिवशी मी बोसलँडच्या जंगलात गेलो. तिथे सायकलचा रस्ता जमिनीवरून उचलून गोल फिरवत झाडांच्या उंचीवर नेला आहे. सातशे मीटर, चढ इतका सौम्य की दहा मीटर वर आल्याचं खारीमुळेच कळलं. ती माझ्या खांद्याच्या पातळीवर बसून शंकू सोलत होती. भोवतीची पाइनची झाडं सरळसोट, रांगेत, कवायतीला उभी केल्यासारखी.

संध्याकाळी शेजारच्या आजोबांना त्या रांगांबद्दल विचारलं. ते वॉटरस्खेई खाणीत कामाला होते. "आमच्यासाठीच लावली होती ती," ते म्हणाले. "छताला टेकू द्यायला. पाइन मोडायच्या आधी कुरकुरतं. ते कुरकुरलं की पळायचं. लोखंड बोलत नाही."

मग आत जाऊन त्यांनी पितळी बिल्ला आणला. त्यावर त्यांचा क्रमांक, एकाला तसाच लांब फराटा. खाली उतरताना असा बिल्ला द्यायचा, वर आल्यावर परत घ्यायचा. पाळी संपल्यावर हिशेब लागला नाही, तर कुणीतरी खाली राहिलं आहे असं समजायचं. चंद्रपूरला वडिलांना घरी यायला उशीर झाला की आई दारात का उभी राहायची, ते मला ठाऊक होतं.

आजोबांनी माझ्याकडून दोन्ही दिवसांच्या पट्ट्या मागून घेतल्या. चष्मा वर सारून ते आकड्यांवरून बोट फिरवत गेले. ओलांडलेल्या प्रत्येक गाठीवर मी पेन्सिलीने खूण केली होती. शेवटच्या आकड्यापर्यंत बोट गेल्यावर त्यांनी मान हलवली आणि पट्ट्या घडी घालून बिल्ल्याबरोबर ठेवून दिल्या.