वायसर

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधे पुण्याच्या मावशीने फोनवर विचारलंही, "काय रे, लिहिणं बंद केलं का?" बंद नाही केलं मावशी. हात सतत ऑइलने माखलेले होते, एवढंच :)

माझा हा नाद नेहमीच्या वाचकांना माहीत आहे. नवीन कोणी असेल तर थोडक्यात सांगतो. मी जुनी, छोटी, टू-स्ट्रोक इंजिनं गोळा करतो आणि जमेल तशी चालू करतो. सुरुवात आत्याच्या अंगणात सडत पडलेल्या लूनापासून झाली. लूना म्हणजे कायनेटिकची, 1972 साली अहमदनगरच्या (आताचं अहिल्यानगर) कारखान्यातून निघालेली 50 सीसीची गाडी. पायडल मारून चालू करायची, चढ लागला की पुन्हा पायडल मारायचे. आता 2024 पासून बॅटरीवरची लूना आली आहे. ती चांगलीच असेल, पण तिला धूर नाही आणि आवाज नाही, म्हणजे माझ्या कामाची नाही. लूनानंतर लोडशेडिंगच्या काळात एका दुकानासमोर तडतडणारा छोटा जनरेटर मिळाला, भंगाराच्या भावात. मग एक पाण्याचा पंप. बायको म्हणते घरात आता माणसं कमी आणि मशिनी जास्त झाल्या. असो.

लोक विचारतात, टू-स्ट्रोकच का? खरं सांगायचं तर त्यात लपवायला काही नसतं. व्हॉल्व्ह नाही, कॅमशाफ्ट नाही, ऑइलची वेगळी टाकी नाही. पिस्टन वर जाताना खालच्या क्रँककेसमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण ओढतो, खाली येताना तेच मिश्रण दाबून वर ढकलतो. पिस्टनच खिडक्या उघडतो, पिस्टनच बंद करतो. मिश्रण क्रँककेसमधूनच जातं म्हणून बेअरिंगला लागणारं ऑइल पेट्रोलमध्येच घालावं लागतं. म्हणून तो निळा धूर, आणि म्हणूनच ही इंजिनं हळूहळू रस्त्यावरून गेली. जायलाच हवी होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण घरातल्या टेबलावर, चार पाने आणि एक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन, ज्याला मुळापर्यंत उघडता येतं असं इंजिन हेच.

तर या वेळचा विषय आमच्याच घरातला पंप.

माझं ऑफिस मिहानमध्ये आहे हे तुम्हाला माहीत आहे. हे कदाचित माहीत नसेल, की ऑफिसच्या खिडकीतून जिथे रस्त्याचं वळण दिसतं, त्याच्या थोडं पलीकडे आमचं वावर होतं. खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव, या पट्ट्यातल्या जमिनी मिहानसाठी गेल्या, त्यात आमचीही गेली. आता तिकडे एम्स आहे, विमानं दुरुस्त करायचं भलंमोठं हँगर आहे, खापरीपर्यंत 2019 पासून मेट्रो आहे. दुपारी डबा खाऊन मी कधी कधी त्या बाजूला चक्कर मारतो. आमची विहीर नेमकी कुठे होती हे आता सांगता येत नाही. हँगरमध्ये कोणी जेट इंजिन उघडून बसलेलं असेल आणि मी मात्र घरी जाऊन 35 सीसीचं इंजिन उघडणार, याची मलाच गंमत वाटते.

जमीन गेल्यावर आम्ही बेसा भागात राहायला आलो. येताना शेतीचं सामान बहुतेक वाटून, विकून टाकलं. हा एक पंप तेवढा माळ्यावर चढला आणि तिथेच राहिला. पेट्रोलवर चालणारा, पाठीवर घ्यायचा फवारणीचा पंप. कंपनीची पट्टी केव्हाच पुसलेली. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत तो खाली आला. मला तर लॉटरीच लागली!

वाचकांपैकी ज्यांनी शेतात असा पंप पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनच्या शाफ्टलाच एक पंखा असतो. तो जोराने हवा फेकतो आणि ती जाड नळीतून पुढे जाते. त्याच हवेचा थोडा भाग वरच्या टाकीत सोडलेला असतो. त्या दाबाने औषध बारीक नळीतून पुढे जातं आणि हवेच्या झोतात सापडून त्याचं धुकं होतं. हातपंपाने दिवसभरात जेवढी पऱ्हाटी फवारून होते त्याच्या कितीतरी पट या पंपाने होते. टाकीत दाब राहायचा तर झाकण घट्ट बसलं पाहिजे. हे झाकणाचं लक्षात ठेवा.

इंजिन पूर्ण जाम होतं. प्लग काढून भोकातून डिझेल आणि ऑइल ओतलं आणि चार दिवस तसंच ठेवलं. पाचव्या दिवशी फ्लायव्हील हाताने किंचित हललं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्या काकांनी लाइट लावला. सिलिंडर उतरवला, तर रिंगा खोबणीत चिकटलेल्या, एग्झॉस्टच्या तोंडाशी काजळीचा थर. काजळी लाकडाच्या काडीनेच खरवडायची, लोखंड लावलं की कडांना ओरखडे पडतात. पॉइंट पॉलिश पेपरने घासले. कंडेन्सर गेलेला होता. इतवारीतल्या लोहाओळीत दोन शनिवार घातले, मग जनरेटरचाच एक कंडेन्सर बसला.

एक चूक मात्र केली. क्रँकचे ऑइल सील वरून चांगले दिसले म्हणून बदलले नाहीत. इंजिन चालू झालं, पण ॲक्सिलरेटर सोडला तरी त्याचा आवाज वाढतच गेला. सीलमधून बाहेरची हवा आत शिरत होती, म्हणजे पेट्रोल कमी, ऑइलही कमी, आणि उष्णता जास्त. चोक दाबून बंद केलं म्हणून पिस्टन वाचला. आता ज्यांना हा नाद लावून घ्यायचा आहे त्यांनी पहिल्या दिवशी सील बदलावेत. आणि हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल 20 टक्क्यांपर्यंत असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. मिश्रण महिनाभर टाकीत ठेवलं तर पाणी-इथेनॉल खाली बसू शकतं. ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं आणि इंजिन मात्र तळातलं पितं, विनाऑइलचं. इथेनॉलचे सगळ्यात मोठे पुरस्कर्ते आमच्याच नागपूरचे खासदार असल्यामुळे मी जास्त बोलत नाही. काम झालं की टाकी रिकामी करतो.

आता झाकण.

टाकी धुवायला घेतली तेव्हा हातात मोजे होते, तोंडाला रुमाल. तरी वास आला. इतक्या वर्षांनी! आई दारात आली आणि नाकाला पदर लावून परत आत गेली. काहीच बोलली नाही. झाकण उघडलं तर आत कंपनीच्या वायसरच्या जागी सायकलच्या ट्यूबचा कापलेला गोल तुकडा होता. एका बाजूला जास्त कापला गेलेला, म्हणून दोऱ्याने गुंडाळून भरून काढलेला. मला तर तो फारच आवडला. असल्या जुगाडावर मी या आधी इथे कौतुकाने लिहिलंही आहे. कॉटन मार्केटमधून नवीन वायसर आणला, वीस रुपयांना. जुना फोटो काढायला म्हणून टेबलावर त्याच्या शेजारी ठेवला.

बाबा चहा घेऊन बाल्कनीत आले. वय 79. जमीन गेल्यापासून ते फारसं बोलत नाहीत. माझी अशी कल्पना होती की पंपाचा आवाज ऐकून ते खुलतील, जुन्या गोष्टी सांगतील, मी त्या इथे लिहीन. ते टेबलाजवळ थांबले. ट्यूबचा तुकडा हातात घेतला.

"हा कोणं कापला माहीत आहे तुले?"

"तुम्ही ना?"

"नाही. मी कधी हा पंप पाठीवर घेतलाच नाही."

पंप पाठीवर असायचा आमच्या सालदाराच्या. आम्ही पोरं त्यांना मामा म्हणायचो. मला आठवतं ते त्यांनी करून दिलेली गोफण आणि पोळ्याच्या दिवशी बैलांच्या शिंगांना लावलेला रंग. मामा एका वर्षी मधेच गेले, हेही आठवतं. का गेले ते आम्ही विचारलं नाही. मोठ्यांच्या गोष्टी.

1998 चं वर्ष. बीटी कापूस यायला अजून चार वर्षं होती आणि बोंडअळीने सगळे जेरीस आले होते. आठ-दहा दिवसांनी फवारणी, कधी दोन औषधं एकत्र. झाकणाचा वायसर फाटला आणि टाकीतलं औषध हवेच्या दाबाने बाहेर येऊन पाठीवर ओघळू लागलं. मामांनी सांगितलं. बाबा म्हणाले, "उद्या आणतो कॉटन मार्केटातून." तोपर्यंत मामांनीच ट्यूब कापून लावली. उद्या पोळ्याच्या गडबडीत गेला. परवा पाऊस उघडला, फवारणी आटपायची होती. ट्यूब तीन दिवस पुरली. चौथ्या दिवशी दुपारी मामा धुऱ्यावर बसले, लाळ गळायला लागली, उलट्या झाल्या, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या. बंडीत घालून रस्त्यापर्यंत आणि तिथून ट्रकने नागपूरला दवाखान्यात. ही औषधं कातडीतूनही अंगात जातात. ओला सदरा दिवसभर पाठीला चिकटलेला होता.

मामा वाचले. दवाखान्याचा खर्च बाबांनी केला. पण हातांची थरथर गेली नाही. सालदाराचं साल पाडव्याला सुरू होतं. बाबांनी पोळ्यापर्यंतचा हिशोब करून उरलेल्या सात महिन्यांसाठी दुसरा माणूस ठेवला.

"तवा सगळे तसंच करत होते," बाबा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "सगळे नव्हते करत."

मी काहीच बोललो नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक माणसं गेली, तेव्हा आमच्या घरी टीव्हीवर ती बातमी लागली की बाबा उठून आत जायचे. मला वाटायचं, त्यांना बघवत नाही. चिनी पंपांवर तेव्हा बरंच बोललं गेलं. आणि मिहानचा मोबदला आला तो सातबाऱ्यावर नाव होतं त्यांना. ज्यांनी ती जमीन खरोखर कसली त्यांचं नाव सातबाऱ्यावर कुठे असतं?

पुढच्या रविवारी बाबा सकाळीच कपडे घालून बसले. "मले घेऊन चाल." बुटीबोरीच्या पलीकडचं गाव, पत्ता त्यांना पाठ होता. म्हणजे चौकशी आधीच केलेली होती, किती वर्षांपूर्वी ते मी विचारलं नाही.

मामा खाटेवर बसलेले होते. बाबांना पाहून उठायला लागले, "या मालक, या." मला ओळखलं नाही, सांगितल्यावर हसले. त्यांचा धाकटा मुलगा मिहानमध्येच एका कंपनीत साफसफाईच्या कंत्राटावर आहे. कंपनी कोणती ते विचारलं तर ती आमच्या ऑफिसच्या मागची निघाली. आम्ही एकाच टपरीवर चहा पीत असणार.

काय बोलावं सुचेना म्हणून मी मोबाइलवर पंपाचा फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, हात थरथरत होता.

"चालते का अजून?"

"चालतो."

"चोक बंद करून दोन दोऱ्या मारा, मग उघडून एक. तिसऱ्या दोरीले पकडते." त्यांनी अगदी बरोबर सांगितलं, तो पंप तिसऱ्या दोरीलाच पकडतो. "आन् मिश्रण किती टाकता?"

"लिटरला चाळीस मिली."

"आमी तं अंदाजानंच टाकत होतो."

मामींनी चहा आणला. बाबांनी खिशातून पाकीट काढून बशीशेजारी ठेवलं. "तुये सात महिने राहिले होते माह्याकडं."

"जाऊ द्या ना मालक. झालं ते झालं."

बाबा तसेच बसून राहिले. मामाही बसून राहिले. मामींनी बशा उचलल्या, पाकीटही उचललं आणि आत नेलं. मोजलं नाही.

परत येताना बुटीबोरीच्या उड्डाणपुलावर बाबा म्हणाले, "मी तवाच्या भावानं हिशोब केला. तो आताच्या भावानं करायले पाहिजे होता." मी म्हटलं, पुढच्या रविवारी पुन्हा जाऊ. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. घरी आल्यावर मात्र कॅलेंडरजवळ चष्मा लावून बराच वेळ उभे होते.

पंपाची टाकी मी काढून ठेवली आहे. इंजिन लाकडी स्टँडवर बसवलंय, नुसतंच. ट्यूबचा तुकडा बाबांच्या कपाटात आहे, त्यांनी मागून घेतला. फोटो टाकणार होतो, पण या वेळी राहू दे.