खुंट्यांखालचं पाणी

जमिनीचा विद्युत रोध मोजणाऱ्या या यंत्राशी माझी ओळख सुप्याच्या माळावर झाली. पारनेर तालुका पर्जन्यछायेतला. इथे विहिरीची जागा ठरवणं म्हणजे घरची पुंजी पणाला लावणं. तळहातावर नारळ धरून पाणाडी फिरून गेला की आम्ही जायचो. चार लोखंडी खुंट्या एका ओळीत ठोकायच्या, बाहेरच्या दोन्हींतून वीज सोडायची, आतल्या दोन्हींमधला विजेचा दाब मोजायचा. उन्हाळ्यात बुडाशी मिठाचं पाणी ओतल्याशिवाय वीज जमिनीत शिरत नसे. खुंट्या एकमेकींपासून लांब नेल्या की ती खोल जाते. काळा पाषाण तिला अडवतो, ओला मुरूम वाट देतो. आकडा तीस-चाळीस ओहम-मीटरवर उतरला, की माझ्या तोंडाकडे बघूनच शेतकऱ्याला कळायचं.

३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गाडलं गेलं. दीडशेच्या आसपास माणसं गेली. तेव्हापासून मी हेच यंत्र घेऊन सह्याद्रीच्या उतारांवर जातो. तिथे तोच आकडा उतरू लागला की माझ्या पोटात गोळा येतो. वर मातीमुरमाचा सैल थर, खाली अखंड कातळ. पाणी त्या सांध्यावर साचलं की कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो, पकड सुटते.

पण चिकणमातीही वीज अशीच सहज जाऊ देते. म्हणून घण. लोखंडी पाटीवर तो हाणायचा आणि ओळीने ठेवलेल्या जिओफोनपर्यंत हादरा किती वेळात पोचतो ते पाहायचं. सैल मुरमात तो सेकंदाला काही शे मीटर जातो, अखंड कातळात काही हजार. त्यावरून वरच्या थराची जाडी निघते. तरी एका मोजणीवर माझा विश्वास नाही. तारा उन्हाळ्यातच पुरून ठेवाव्यात आणि पावसात तीच ओळ पुन्हा मोजावी, असा माझा हट्ट असतो.

एका वाडीत एक आजी म्हणाल्या, "झरा औंदा वर फुटलाय, गढूळ येतोय." ठरवलेली ओळ सोडून मी तारा त्यांच्या गोठ्यामागून नेल्या. आकडा अठरापर्यंत घसरला.

इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ ला दरड आली ती रात्री, माणसं झोपलेली असताना. मी आजींना आकडा सांगितला नाही. म्हटलं, "आजी, जोराचा पाऊस लागला की रात्री पठारावरच्या शाळेत झोपायला जा."

"आन् गुरं कुठं न्यायची, बाबा?"