ना पाहुणा, ना घरचा

ऑनसाइटला गेलेल्या प्रत्येकाचे पहिले फोटो साधारण सारखेच असतात. बर्फ, टाइम्स स्क्वेअर, आणि नायगाऱ्यापुढे जॅकेट घालून उभे आपण! न्यू जर्सीत दीड वर्ष काढलं, तेव्हा माझ्याकडेही असे ढीगभर जमले.

पण सहाएक महिन्यांनी वेगळंच काही दिसायला लागलं. रविवारी दुपारी लॉन्ड्रीत मशीनसमोर एकटाच बसलेला म्हातारा. रात्री ऑफिस साफ करायला येणारी, कधीच कुणाशी न बोलणारी माणसं. फोटो काढावासा वाटायचा. पण मनात यायचं, आपण इथे पाहुणे. पाहुण्यानं घरातला पसारा टिपायचा का?

याचं उत्तर लायब्ररीतल्या एका पुस्तकात मिळालं. रॉबर्ट फ्रँकचं ‘द अमेरिकन्स’.

फ्रँक मूळचा झुरिचचा. १९४७मध्ये न्यूयॉर्कला आला. १९५५मध्ये गुगेनहाइम फेलोशिप मिळाली आणि गडी जुनी फोर्ड गाडी व लायका कॅमेरा घेऊन देशभर फिरला. २५ हजारांहून जास्त फोटो काढले. पुस्तकात घेतले फक्त ८३!

हा टुरिस्ट नव्हता, हे महत्त्वाचं. तिथे पहिल्यांदा येऊन त्याला आठ वर्षं झाली होती. रीतभात कळण्याइतका आतला, पण तिची सवय न झालेला बाहेरचा. त्याची किंमतही त्यानं मोजली. आर्कान्सामध्ये पोलिसांनी त्याला गाडीसकट अडवलं आणि काही तास कोठडीत ठेवलं. परदेशी उच्चार आणि सोबत कॅमेरे, एवढं संशयाला पुरलं.

त्याच नोव्हेंबरात न्यू ऑर्लिन्समध्ये त्यानं एका ट्रॉलीचा फोटो काढला. पुढच्या खिडक्यांत गोरे, मागच्या खिडक्यांत काळे. रोज हजारो लोक त्या ट्रॉलीतून जायचे. कुणालाच त्यात फोटो दिसला नव्हता. त्यानंतर काही आठवड्यांतच, १ डिसेंबर १९५५ला, मॉन्टगोमेरीत रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा सोडायला नकार दिला.

पुस्तक आधी पॅरिसमध्ये निघालं, १९५८मध्ये. अमेरिकेत ते १९५९मध्ये आलं, जॅक केरुॲकच्या प्रस्तावनेसह. टीकाकार तुटून पडले. फोटो धूसर, तिरके, वर देशाची बदनामी! पुढे २००९मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टनं त्याच फोटोंचं मोठं प्रदर्शन भरवलं.

मला वाटतं, परदेशात राहून मिळणारी सगळ्यात भारी गोष्ट डॉलर नव्हे, ही नजर आहे. आणि ती बॅगेतून घरीही येते.

पुण्यात परतल्यावर आमच्या सोसायटीतली पाटी दिसली. ‘कामवाल्या बायकांनी मागची लिफ्ट वापरावी.’ दोन्ही लिफ्ट एकाच मजल्यावर जातात. आमच्याकडच्या मावशी हातात भाजीची पिशवी घेऊन मागच्या लिफ्टची वाट बघत होत्या, पुढची रिकामी उभी होती. मावशींना विचारून फोटो काढला. “काढा की, पण मी चांगली दिसले पाहिजे,” म्हणाल्या.

फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत पहिला रिप्लाय आला : ‘उगाच सोसायटीची बदनामी कशाला?’

पाटी अजून तिथेच आहे. पण पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर आता तिचा विषय आहे. फोटोची मोठी प्रिंट काढून ठेवलीय. मावशी त्यात खरंच छान दिसताहेत.