पहिला गुन्हा, अल्प मात्रा

अमली पदार्थांच्या खटल्यात आरोपीच्या आधी तराजू बोलतो. १९८५ चा कायदा, म्हणजे वकिलांच्या तोंडी असलेला ‘एनडीपीएस’, २००१ च्या दुरुस्तीनंतर मात्रेच्या तीन पायऱ्यांवर चालतो: अल्प, मधली आणि व्यापारी. गांजा एक किलोच्या आत असेल तर मात्रा अल्प. चरसाची ही मर्यादा १०० ग्रॅम, हेरॉइनची ५, कोकेनची २, एमडीएमएची अर्धा ग्रॅम आणि एलएसडीची अवघी २ मिलिग्रॅम. अल्प मात्रेला कमाल एक वर्षाची सक्तमजुरी, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०१४ पर्यंत ही कैद सहा महिन्यांचीच होती. मर्यादा ओलांडली की कमाल शिक्षा एकदम दहा वर्षांवर जाते.

बेंगळुरूतल्या मारतहळ्ळीच्या एखाद्या पीजीत, पुण्याहून किंवा नागपूरहून आयटीतल्या नोकरीसाठी आलेल्या मुलाच्या खोलीत, गांजाची पुडी सापडणे आणि एमडीएमएच्या दोन गोळ्या सापडणे यांतले अंतर इथे कळते. पुडी ४० ग्रॅमची असली तरी अल्प मात्रेच्या खूप आत असते. गोळ्यांचे तसे नाही. हिरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवले की मिश्रणातल्या शुद्ध अमली द्रव्याचे नव्हे, तर सगळ्या मिश्रणाचे वजन धरायचे. त्यामुळे गोळीतली भुकटीही तराजूत बसते आणि दोन गोळ्या अर्धा ग्रॅम सहज ओलांडतात. म्हणून ‘फक्त दोन गोळ्या’ हा युक्तिवाद कोर्टात टिकत नाही.

बेंगळुरूत अशी कारवाई स्थानिक ठाणे करते किंवा शहराची सीसीबी, म्हणजे मध्यवर्ती गुन्हे शाखा. अल्प मात्रा हा एका वर्षाच्या कैदेचा गुन्हा असल्यामुळे प्रत्येक वेळी अटक करणे बंधनकारक नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली नोटीस देऊन चौकशीला बोलावता येते, आणि सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत अटकेची गरज लेखी कारणांनी दाखवावी लागते, हे अर्णेश कुमार निकालाने २०१४ मध्येच सांगितले आहे. अटक झालीच तर कारणे कळवणे, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेणे आणि चौकशीच्या काळात वकिलाला भेटू देणे हे पोलिसांचे कर्तव्य. वकील नेमण्याची ऐपत नसली तरी कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते.

अडचण बहुतेक वेळा भाषेची असते. पंचनाम्याला कर्नाटकात महजर म्हणतात आणि तो साधारणपणे कन्नडमध्ये लिहिला जातो. न वाचता केलेली सही पुढे वर्षभर पाठ सोडत नाही. मजकूर समजला नसेल तर सहीच्या शेजारी आपल्या लिपीत तसे लिहिणे, ही कुठल्याही महागड्या वकिलाच्या सल्ल्याइतकीच उपयोगी गोष्ट. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली पुरावा ठरत नाही. तोफान सिंग निकालाने २०२० मध्ये एनडीपीएसच्या कलम ६७ खालच्या जबाबांनाही हाच नियम लावला.

जामिनाबद्दलची धास्ती वस्तुस्थितीपेक्षा मोठी आहे. कलम ३७ च्या कुप्रसिद्ध अटी व्यापारी मात्रेला आणि काही विशिष्ट कलमांना लागतात, अल्प मात्रेला नाहीत. अल्प मात्रेचा गुन्हा जामीनपात्र आहे का, यावर मात्र उच्च न्यायालयांचे एकमत नाही. दिल्लीने तो जामीनपात्र मानला. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये अभिनेत्री रिया चक्रवर्तीच्या जामिनावर निकाल देताना या कायद्याखालचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र ठरवले. त्याच निकालात एक दिलासाही होता: एखाद्या खरेदीपुरते पैसे देणे म्हणजे अमली व्यापाराला ‘वित्तपुरवठा’ नव्हे. मित्रासाठी यूपीआयने पैसे भरणाऱ्याला वित्तपुरवठ्याच्या कलम २७-अ मध्ये गुंतवले जाते, तेव्हा हे वाक्य कामी येते.

बचावाचे मुद्दे झडतीपासून सुरू होतात. अंगझडतीपूर्वी, राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेट यांच्यासमोर झडती मागण्याचा हक्क कलम ५० देते. हा हक्क संशयिताला सांगितलाच पाहिजे, असे २०१० च्या घटनापीठाने विजयसिंह जाडेजा खटल्यात बजावले. पण हे संरक्षण अंगझडतीपुरते आहे, पाठीवरच्या सॅकला ते मिळत नाही. मग येतो ताबा. तिघांच्या खोलीत कपाटावर सापडलेली पुडी कुणाची? कायदा जाणीवपूर्वक ताबा मागतो, पण एकदा ताबा सिद्ध झाला की जाणीव गृहीत धरतो आणि ती नव्हती हे दाखवण्याचा भार आरोपीवर टाकतो. म्हणून कपाटाची किल्ली कोणाकडे होती, हा प्रश्न क्षुल्लक नसतो. पदार्थ कोणता, हे प्रयोगशाळेच्या अहवालावर ठरते. गांजाच्या व्याख्येत झाडाचे फुलोरे येतात, त्यांच्याविना असलेली पाने आणि बिया येत नाहीत. एक वर्षापर्यंतच्या गुन्ह्याची दखल घेण्याची मुदतही एकच वर्ष असल्यामुळे अहवाल रेंगाळला तर तारखा मोजाव्यात. प्रकरण मुळातच पोकळ असेल तर ते रद्द करण्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली उच्च न्यायालयात जाता येते.

कायद्याचा सर्वांत मानवी भाग कलम ६४-अ. सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत स्वेच्छेने उपचार घेतले तर खटल्यापासून मुक्ती मिळते. उपचार अर्धवट सोडले तर ती काढून घेता येते. अभिनेता फरदीन खानला २००१ मध्ये कोकेन प्रकरणात अटक झाली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयात उपचार घेतल्यावर २०१२ मध्ये विशेष न्यायालयाने त्याला याच कलमाखाली मुक्त केले. बेंगळुरूत निम्हान्सचे व्यसनोपचार केंद्र ही अशी सरकारी जागा. दोष सिद्ध झाल्यानंतरही कलम ३९ खाली, आरोपीच्या संमतीने, कैदेऐवजी उपचारासाठी सोडता येते.

इथे कायद्याची एक विचित्र गाठ आहे. ही दोन्ही कलमे व्यसनी माणसासाठी आहेत, म्हणजे ज्याला पदार्थाची सवय जडली आहे अशासाठी. शनिवारी रात्री पहिल्यांदाच हौसेने ओढणाऱ्याला त्यांतून सहज वाट मिळत नाही. त्याच्यासाठी प्रोबेशन असावे असे वाटेल. पण कलम ३३ नुसार अठरा वर्षांवरील आरोपीला ते सेवनाच्या कलम २७ मध्ये मिळते, गांजा बाळगण्याच्या कलम २० मध्ये नाही. परिणामी एफआयआरमध्ये कोणत्या कलमाचा आकडा पडला, यावर पुढची वाट ठरते. ज्याला कमी मदतीची गरज, त्याच्यासाठी दारेही कमी, ही रचना न्याय्य म्हणणे कठीण आहे.

उरतो गुन्हा कबूल करण्याचा मार्ग. प्ली बार्गेनिंगमध्ये, कमाल शिक्षा एक वर्षाची असेल तर, पूर्वी दोषी न ठरलेल्या आरोपीची कैद एक-षष्ठांश, म्हणजे दोन महिन्यांवर आणता येते. अनेकदा नुसता दंड भरून दुपारपर्यंत घरी जाता येते. स्वस्त दिसणारा हा पर्याय सर्वांत महाग पडू शकतो, कारण दंड लहान असला तरी दोषसिद्धी पुरी असते आणि तशाच गुन्ह्यात पुन्हा दोषी ठरल्यास कमाल शिक्षा दीडपट होते. अमेरिकेच्या व्हिसाची वाट पाहणाऱ्याने तर थांबून विचार करावा. तिथला कायदा अमली पदार्थाच्या दोषसिद्धीवर, प्रसंगी नुसत्या कबुलीवरही, प्रवेश नाकारतो. कायम वास्तव्यासाठी जाणाऱ्याला माफी मागता येते ती ३० ग्रॅमपर्यंत गांजा बाळगल्याच्या एकाच प्रसंगापुरती.

खटला चालू असतानाही पासपोर्ट अडतो. १९९३ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार खटला चालवणाऱ्या कोर्टाची परवानगी आणल्यास तो मिळतो; कोर्टाने मुदत सांगितली नसेल तर एका वर्षासाठी. निर्दोष सुटल्यावर किंवा ६४-अ खाली मुक्त झाल्यावरही पोलीस पडताळणीत जुना गुन्हा क्रमांक वर येतो, म्हणून निकालाची प्रमाणित प्रत काढून घरच्या कागदपत्रांत ठेवावी लागते.