पिशवीतली माती

१८ मे, धडगाव
अंगणाअंगणात आमचूर वाळतोय. पाड लागायच्या आधीच झाडं रिकामी. मला गावठी आंब्याच्या पिकल्या कोया हव्यात, कैरीच्या कोवळ्या कोया रुजायच्या नाहीत. मावशींना दोन झाडं राखायला सांगितलं. "दोनच? बरं, ओढ्याकाठची ठेवते."

२४ मे
शहाद्याकडून काळी माती आली. कसदार, हाताला लोण्यासारखी. तीन पाट्या मातीला एक पाटी शेणखत. ३०० पिशव्या भरल्या.

२ जून
चारोळी लावली. कवच दगड. हलक्या हाताने फोडायचं, आतला दाणा दुखावला की संपलं.

९ जून
६० कोया आल्या. आजच लावल्या. कोय वाळली की मेली. मोहाच्या टोळंबीचंही तसंच, साठवून चालत नाही.

१९ जून
रात्रभर पाऊस. पिशव्यांत पाणी तुंबलंय. दुपारपर्यंत मुरलं नाही.

२२ जून
चारोळीचे ११ कोंब आडवे. मातीलगत देठ काळा, पिचलेला. मर रोग.

२३ जून
झोप नाही. पिशव्यांना भोकं होती, चिकणमातीने बुजली. शेतात हीच माती सोनं. वीतभर पिशवीत मात्र मुळांना श्वास नाही. मी कस बघितला, हवा बघितली नाही.

२५ जून
चार मिश्रणं. प्रत्येकावर तांब्याभर पाणी, हातात घड्याळ.
कोकोपीट हलकं, छान. पण विकतचं, पाड्यावर कोण आणणार? शिवाय एकदा कोरडं पडलं की पाणी लवकर पीत नाही.
नुसती मुरमाड माती: पाणी आलं तसं गेलं.
डोंगरातली लाल माती दोन पाट्या, कुजलेलं शेणखत एक, नवापूरकडचं भाताचं तूस एक. ओल राहिली, पाणी थांबलं नाही. तूस अर्धवट जाळून घेतलं. कच्चं कुजताना रोपाच्या वाट्याचं नत्र खातं.
चौथं तेच, वर मोहाखालची मूठभर माती. मावशींचा आग्रह. त्या मातीतली बुरशी मुळांना सोबत करते. हेच घ्यायचं.

२६ जून
निम्म्या कोया अलगद नव्या मिश्रणात हलवल्या. उरलेली चारोळी लावली, ४० पिशव्या.

४ जुलै
ऊन. पिशव्या हलक्या. पाणी दोनदा.

९ ऑगस्ट
दोन पिशव्या फाडल्या. काळ्या मातीत आंब्याचं सोटमूळ आखूड, टोक तपकिरी, वास आंबूस. लाल मातीत सरळ तळापर्यंत, पांढरंशुभ्र. तळाशी वळायला लागलंय. आता उशीर नको, उतारावर खड्डे घ्यायला हवेत. मावशी मुळाकडे बघत राहिल्या. काही बोलल्या नाहीत.

१४ ऑगस्ट
चारोळी: ४० पिशव्यांत ९ कोंब. उभे आहेत.